समुद्राकाठची हिरवी पट्टी

आई, तुझा तो समुद्र मी परत बघून आले. तू सारखी म्हणायचीस, एकदा कामाशिवाय जाऊया, नुसतं पाय सोडून बसूया. आपलं काही जाणं झालं नाही. या खेपेला बाबांनीच घोडं पुढं दामटलं. मी सुट्टीला वारणानगरहून उचगावच्या घरी आले होते. बाबा चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होते, ते एकदम ओरडले, "अगं ये, तुझ्या आईचा समुद्र निघालाय बघ पेपरात!" मला वाटलं, म्हातारा चळला. पण खरंच होतं. तू ज्या गावाचा वीस वर्षांचा आराखडा केलास, तो आता बदलायचा चाललाय, नवा नकाशा लोकांना बघायला लावलाय, कुणाला काही सांगायचं असेल तर सुनावणीला या, असं छापलं होतं. आणि खाली बातमी, की समुद्रालगतची मोकळी पट्टी उठवून ती जागा हॉटेलांना द्यायचा विचार आहे. बाबा म्हणाले, "जा तू. माझं गुडघं काय आता घाट उतरायचं न्हाईत. जा आणि सांग त्यास्नी, ही पट्टी माझ्या आईनं ठेवलीया म्हणून." मी शिकवते त्या शाळेत आणखी रजा टाकली आणि गेले.

एसटी फोंडा घाट उतरत होती आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तू ऑफिसातनं नकाशाची प्रत घरी आणायचीस. त्या छापील प्रतीला अमोनियाचा असा वास यायचा, की बाबा म्हणायचे, आज भाजीत काय घातलंयस. जेवणं उरकली की तू तो कागद फरशीवर पसरायचीस, चार कोपऱ्यांवर चार डबे. डाळीचा, साखरेचा, शेंगदाण्याचा आणि कांदालसणाच्या चटणीचा. त्या चौथ्या डब्यानं एकदा घात केला. बंदराच्या जागी तांबडा डाग पडला आणि दुसऱ्या दिवशी तुझे साहेब म्हणाले, "बाई, हा नकाशा आहे का रस्सा?" तू घरी येऊन ते सांगताना इतकी हसलीस, की चहा उतू गेला. नगररचना खात्यातली रचना सहायक म्हणजे नक्की काय, हे मला तेव्हा कुणाला सांगता यायचं नाही. मी मैत्रिणींना सांगायचे, आमची आई गावं रंगवती. राहायची जागा पिवळी, बाजार निळा, आणि मोकळी जागा हिरवी. त्या गावाच्या कडेनं तू एकच लांब हिरवी पट्टी ओढली होतीस, बंदरापासून खाडीच्या तोंडापर्यंत, आणि ती रंगवताना तू मला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस.

ही पट्टी तुझ्या डोक्यात आली ती रंकाळ्यावर. रविवारी संध्याकाळी आपण तिघं जायचो. कठड्यावर बसायचं, भेळ खायची, पाय हलवायचे. एका बाजूला कुणी म्हशी धुतंय, एका बाजूला नवं लग्न झालेलं जोडपं लाजत बसलंय, पैलवान फेऱ्या मारतायत. तू एकदा म्हणालीस, "बघ की, हितं बसायला कुणी तिकीट मागतंय? कुणाचा कोण, कुठला कोण, कुणी इचारतंय?" मी म्हटलं, त्यात काय विचारायचंय, तळंच आहे. मग तू शिरोळकडच्या तुझ्या गावाचं सांगितलंस. आजीला नदीवर वरच्या घाटावर जाता यायचं नाही. आपल्या लोकांनी खालच्या अंगाला, जिथं चिखल आणि धुण्याचं पाणी यायचं, तिथं भरायचं. आजीनं धर्म बदलला, पण गावानं घाट बदलला नाही, लय वर्षं बदलला नाही. तू नोकरी लागून कोल्हापुरात आलीस आणि पहिल्या संध्याकाळी रंकाळ्यावर एकटी जाऊन बसलीस. "अंधार पडला तरी उठू वाटंना," म्हणालीस, "कुणीतरी उठीवतंय का बघत हुतो." तू बोलताना मधेच 'बघत हुतो' असं पुरुषासारखं बोलायचीस, मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

आणि रंकाळ्यानंच तुझी फजितीही केली बरं का! मे महिना आहे, मी नववीत, आणि तू मला कामावर बरोबर घेतलंयस. पट्टी किती रुंद असणार, हे नगरसेवकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तू सकाळी वाळूवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारून घेतेस. दोघे शिपाई पोतं ओढतायत, तू साडीचा ओचा खोचून पुढं. झक्क पांढरी रेघ पडते. मग आपण जेवायला जातो, तू मटण घाटावरचं म्हणजे मटण यावर भाषण देत मासे खातेस, आणि दुपारी सगळ्या मंडळींना घेऊन येतेस तर रेघ कुठाय? रेघेवर गुडघाभर पाणी! मासे सुकत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, तुमचो रस्तो दर्यान न्हेलो!" सगळे नगरसेवक खो खो हसतायत. तू लालबुंद. आणि मग तू काय म्हणावंस? "आमचा रंकाळा असलं करत न्हाय की वो!" आपली नदी वर्षातनं एकदा फुगणार, तेही चार दिवस आधी सांगून. समुद्र दिवसातनं दोनदा उठतो, हे घाटावरच्या माणसाच्या डोक्यात शिरायला रेघ बुडावी लागली. ती बाई मात्र पुढं तुला रोज चहा पाजायला लागली.

पण त्या फजितीनं खेळ बदलला. पट्टी वाळूवर राहणार नाही म्हटल्यावर तू ती वर सरकवलीस, आणि वर होत्या नारळाच्या वाड्या. त्यातली सगळ्यात मोठी वाडी ज्यांची, ते गृहस्थ एक दिवस उचगावात आपल्या दारात. बरोबर हापूसची पेटी. तू ऑफिसात होतीस. बाबांनी "या पावणं, बसा" करून पाणी दिलं, पेटी ठेवून ते गेले, आणि तू यायच्या आत बाबांनी एक आंबा चिरला. तू आलीस आणि पेटी बघितलीस. त्या दिवशीचा तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "लाज न्हाय वाटली? बायकूचं इमान एका फोडीवर?" बाबांच्या हातात कोय तशीच. तू चप्पल न काढता लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलीस, तसलाच एक हापूस विकत आणलास, पेटीत गवताखाली बसवलास आणि पेटी परत धाडलीस. बाबा आजही म्हणतात, आंबा आंबट होता, उगंच एवढं झालं.

त्या रात्री जेवताना मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, त्यांची वाडी आहे, पिढ्यान्पिढ्यांची, तू कोण लागून गेलीस ती हिरवी करणारी? तू भाकरी मोडता मोडता थांबलीस. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. पण तू हळू बोललीस, तेच जास्त लागलं. "त्यास्नी मोबदला मिळंल, त्यो द्यायला लावल्याबिगर मी सोडणार न्हाय. पर ज्येला वाडी न्हाय, घर न्हाय, त्येनं समुद्र बघायचा कुठनं, ह्ये मला सांग. दुसऱ्याच्या कंपौंडातनं?" पुढं आराखडा मंजूर झाला. तू अर्धा किलो जिलेबी घेऊन आलीस, नकाशावर साहेबांची सही होती, तुझं नाव कुठंच नव्हतं, आणि मी तसं म्हटल्यावर म्हणालीस, "खा गप." पट्टीवरचं वाडीचं कुंपण निघेपर्यंत तुझी बदली झाली, मग तुझं दुखणं निघालं. झाडं लागलेली तू बघितली नाहीस.

मी बघितली आई. सुरूची झाडं आता चांगली उंच झालीत. सकाळी गेले तर पोरं क्रिकेट खेळत होती, एक आजोबा नातवाला सायकल शिकवत होते, बायकांनी मासे वाळत घातले होते. हातगाडीवर भेळ होती, आपल्यासारखी तिखट नव्हती. मी एका बाकावर बसले. कुणीही उठवलं नाही. मला इतकं भरून आलं, की शेजारच्या बाईनं विचारलं, काय होतंय का. दुपारी कागदावर अकरा-बारा मुद्दे उतरवून मी नगरपालिकेच्या सभागृहात गेले. तुझं नाव मी पहिल्याच ओळीत घातलं होतं.

सभागृह खचाखच. आणि जो उठेल तो एकच सांगत होता, की ही जागा पूर्वापार मोकळी आहे. एक म्हातारी कोळीण उठली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "आमच्या आज्याच्या काळापासून मोकळीच आसा! आता कोण रे इलो बंद करूक?" टाळ्या पडल्या. पूर्वापार कसली! तिथं वाडीचं कुंपण होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलेलं. मला राग आला. मी मनात म्हटलं, थांबा, माझं नाव पुकारू दे, मग सांगते पूर्वापार काय होतं ते. तेवढ्यात त्या पेटीवाल्यांचा मुलगा उठला. शांत माणूस, शिकलेला. म्हणाला, "साहेब, हे सगळे चुकीचं सांगतायत. ही आमची वाडी होती. मोबदला घ्यावा लागला वडिलांना. जुनं-बिनं काही नाही, कोल्हापूरची एक बाई आली होती, तिच्या डोक्यातली ही कल्पना. जी गोष्ट एका बाईनं केली, ती आज बदलायला काय हरकत आहे?"

सगळ्या गावात तुझी आठवण एकट्या त्यालाच होती, आई. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान वर करून विचारलं, "याबद्दल कुणाला काही माहिती आहे का?" लोक ओरडायला लागले, खोटं आहे, कसली बाई, कुठली बाई! आणि मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. कागद हातात होता. खरं सांगितलं असतं तर तू होतीस हे सिद्ध झालं असतं, आणि त्याचं म्हणणंही. कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही."

पट्टी राहिली. बंदराकडचा एक कोपरा गाड्या लावायला गेला, बाकी सगळी राहिली. बाबांना मी एवढंच सांगितलं, ते खूश आहेत, गल्लीभर सांगत सुटलेत. तू असतीस तर 'खा गप' म्हणाली असतीस, हे मला कळतं. शहाणपणानं वागले, तेही कळतं. पण आई, उभी होते ना, त्या क्षणी मला ती जागा नको होती. पिवळी होऊ दे, हॉटेलं होऊ देत, पण कुणीतरी मोठ्यांदा तुझं नाव घेऊ दे, असं मला वाटलं होतं.