आकाशपाळणा आणि गोराईचे घर

मी, सिसिलिया जॉन ग्रेशियस, वय वर्षे ६८, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार गोराई, तालुका बोरिवली, आज राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाचे याबाबत वेगळे मत आहे, पण ते मी विचारलेले नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. अक्षर माझेच आहे. तेहतीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांचे अक्षर वळवले; स्वतःच्या पोराला वळण लावायचे राहून गेले.

१. माझे पती जॉन १९५९ साली वारले. मागे दोन मुले. थोरला पॉल अंधेरीला कारखान्यात फोरमन आहे व बायकोमुलांसह तिथेच राहतो. धाकटी लूर्डस अविवाहित असून माझ्यापाशी राहते. लहानपणीच्या तापाने तिचा डावा पाय बारीक राहिला. ती लोकांचे कपडे शिवते आणि मला आंघोळ घालते.

२. माझी सोन्याची कर्णफुले, पोस्टातली शिल्लक व शिवणयंत्र लूर्डसला द्यावे. यंत्र तिचेच आहे, परंतु पॉल ते आईचे म्हणून उचलून नेईल, म्हणून लिहिले.

३. सून ज्युलिया हिला माझ्या बाटली मसाल्याची कृती पंधरा वर्षे हवी आहे. ती मी कोणालाच दिलेली नाही, माझ्याबरोबर जाईल. ज्युलियाला तांब्याचा मोठा हंडा द्यावा. त्याचेही तोंड रुंद आहे, दोघांचे जमेल.

४. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेच्या आठवड्यात आम्हाला दरवर्षी खोली देणाऱ्या घरमालकीणबाईंना माझी कापसाची गादी पोचवावी. त्यातले ढेकूण मूळचे त्यांचेच आहेत.

५. आता घराबद्दल. पण आधी जत्रेबद्दल, कारण घराचे तिथेच ठरले.

आमच्याकडे सुट्टी म्हणजे जत्रेचे आठ दिवस. होडीने खाडी ओलांडायची, बोचकी घेऊन वांद्र्याला जायचे आणि एका खोलीत सात-आठ माणसांनी दाटीवाटीने राहायचे. पाचव्या दिवशी कोणी ना कोणी भिंतीकडे तोंड करून बसलेले असे. बहुतेक वेळा पॉल. आठ वर्षांचा असताना तो एका शिट्टीसाठी चिखलात आडवा पडला आणि जॉनने ती घेऊन दिली. मी त्या वर्षी शाळेत तीन छड्या मोडल्या, त्यातली एकही घरी आणली नाही. पुढे पॉलचे लग्न झाले, मिशी आली, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. १९६५ साली डुकराच्या मटणाचे सोरपोतेल गार आहे म्हणून त्याने पातेले भिंतीवर मारले. भिंत आम्ही पुसली. तो फुगे घ्यायला गेला.

१९६८ साली लूर्डस बावीस वर्षांची होती. वसईहून तिच्यासाठी स्थळ आले. आमच्यात पुष्कळ मुली जत्रेतच दाखवल्या जातात. दोन्हीकडची माणसे तिथे आलेलीच असतात, कोणाला कमीपणा नको. पायाचे मी मध्यस्थाला सांगितले नव्हते. माझी युक्ती अशी की लूर्डसला आधीच आकाशपाळण्यात बसवून ठेवायचे, फ्रॉकचा घेर पायावर सोडायचा, मुलाच्या आईला शेजारी बसवून चार फेऱ्या द्यायच्या. मग त्यांनी आधी उतरून जायचे. पाळणेवाल्याला जास्तीचे पैसे देऊन एक लाल पाळणा अडवला. ही फसवणूक होती, आणि ती माझी होती. लग्नानंतर मुलाला सगळे सांगेन असे मी देवापुढे ठरवले होते. देवाने ते कितपत खरे मानले ठाऊक नाही.

पॉलला सगळे ठाऊक होते. त्याला सांगितले होते की अर्धा तास मुलांना घेऊन लांब राहा. तो रांगेत उभा राहिला, कारण त्याच्या मुलांना लाल पाळणाच हवा होता. मुले रडू लागली, मग ज्युलिया रडू लागली, मग पॉल पाळणेवाल्यावर धावून गेला. वसईची माणसे तेवढ्यात पोचली होती. मुलाच्या आईने माझा हात धरून ख्यालीखुशाली विचारली होती.

पॉल लाल पाळण्यापाशी गेला आणि म्हणाला, "उतर गं लंगडे, माझी पोरं कवाची उभी हायेत."

त्याने तिला दंडाला धरून खाली ओढले. ती तोल सावरत, एका हाताने फ्रॉक धरून, त्या सगळ्या लोकांसमोरून माझ्यापर्यंत चालत आली. वीस पावले असतील. मुलाच्या आईने माझा हात सोडला.

"आमाला पायाचं कोनी बोललं नाय," एवढेच ती म्हणाली. माणसे सभ्य होती. मुलाने जाताना लूर्डसकडे मागे वळून पाहिले, ते मला जास्त लागले.

पॉलने पोरांसह सहा फेऱ्या घेतल्या. वरून तो आम्हाला हात करत होता.

६. हे कलम मी दोनदा फाडले व पुन्हा लिहिले. लूर्डस रडू लागली तेव्हा मी थोबाडीत मारली. पॉलच्या नाही, लूर्डसच्या. लोक बघताहेत म्हणून मारली. शाळेत असो की जत्रेत, मी कायम जो गप्प बसून मार खाईल त्यालाच मारत आले. त्या दिवसापासून लूर्डस जत्रेला गेली नाही आणि दुसरे स्थळ तिने येऊ दिले नाही. मी तिची माफी मागितलेली नाही. तोंडातून निघाली नाही, म्हणून इथे मागते. लूर्डस, मला क्षमा कर.

पॉलला मागे एकदा मी ती गोष्ट काढून विचारले. तो म्हणाला, जत्रेत असे व्हायचेच.

७. गोराईचे राहते घर, अंगण, विहीर व तीन माड मी रिवाजाप्रमाणे थोरला मुलगा पॉल याला देते. हे कलम मी त्याला गेल्या रविवारी वाचून दाखवले. त्याने लगेच लूर्डसने पुढे कुठे राहावे याचा विषय काढला. वर्सोव्याला नन्सच्या आश्रमात जागा असते म्हणाला. लूर्डस आत माझ्यासाठी पेज करत होती. तिने ऐकले. पॉलला होणारी देणगी कोणत्याही कारणाने रद्द ठरल्यास ते सर्व लूर्डसला जावे. इतर जे काही उरेल तेही तिचेच.

८. बोरिवलीचे विद्याधर वकील यांनी मला कायदा समजावून दिला. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला किंवा त्याच्या बायकोला त्या मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. बाकी मृत्युपत्र कायम राहते, फक्त त्याचे दान बाद होते. वकिलांना मी हे दोनदा विचारले. ते म्हणाले, बाई, मग मुलाला साक्षीला बोलावू नका. मी बरे म्हटले.

आज पॉल येणार आहे. हा कागद मी त्याच्या हातात देईन, खुर्ची देईन, चष्मा देईन, आणि वाच म्हणेन. एकदा नाही, तीनदा म्हणेन. लागलाच तर दुसरा साक्षीदार म्हणून दादू नाखवा दारात बसलेला असेल. पॉलने हे कलम वाचले तर पेन दादूकडे जाईल आणि घर पॉलचे होईल, मी शब्द फिरवणार नाही. मोजून दहा मिनिटांचे वाचन आहे. एवढा वेळ तो आईसाठी बसला, तर मी त्याला ओळखलेच नाही असे समजेन, आणि मला ते आवडेल.

ठिकाण: गोराई
तारीख: १४ ऑगस्ट १९७७

सिसिलिया जॉन ग्रेशियस (सही)

आमच्या समक्ष बाईंनी सही केली व बाईंसमक्ष आम्ही केली:

साक्षीदार १: हर्बर्ट मुरझेलो, निवृत्त मुख्याध्यापक, गोराई (सही)

साक्षीदार २: पॉल जॉन ग्रेशियस, अंधेरी (सही)

शेरा, हर्बर्ट मुरझेलो यांच्या हातचा: साक्षीदार क्रमांक दोन यांना कागद वाचण्यास तीन वेळा सांगण्यात आले. त्यांनी होडी सुटेल असे सांगून उभ्यानेच सही केली. दादू नाखवा हजर होता. होडी त्याचीच आहे.