टेक्लाचा आवाज थॉर्नबरीला निघाला

बफेलो, फेब्रुवारी

तीर्थस्वरूप यूजीनियाताईला धाकट्या लेनर्डचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष घातला तर कंबर मला पुन्हा उठू देणार नाही). तुझा नवा गुडघा काय म्हणतो? टॅम्पाला म्हणे या दिवसांतही लोक अर्ध्या चड्डीत फिरतात. ते वाचून इथे फावड्याने बर्फ उपसणाऱ्या माणसाच्या तोंडात काय आलं ते लिहीत नाही, कारण पत्र वडीलधाऱ्यांना आहे. बाकी क्षेम. विशेष हे की आपली टेक्ला थॉर्नबरी विद्यापीठात निघाली. होय, तेच थॉर्नबरी, जिथे आपले वडील पूर्वी एकदा गेले होते, छपराची कौलं बसवायला.

आता तू विचारशील की या पोरीला त्यांनी घेतलं कशासाठी. तर वल्हवण्यासाठी. आणि आणखी गंमत म्हणजे ती वल्हवत नाही. शर्यतीच्या नावेत आठ धिप्पाड मुली वल्ही मारतात, त्यांची पाठ असते पुढच्या दिशेला, म्हणजे आपण कुठे चाललोय हे त्यांना ठाऊकच नसतं (आपल्या घराण्याला हा खेळ पूर्वीच सापडायला हवा होता). म्हणून मागच्या टोकाला एक नववी, लहान चणीची मुलगी बसवतात. तिनं सुकाणू धरायचं आणि बाकीच्या आठ जणींवर ओरडायचं. टेक्ला उंचीनं माझ्या खांद्याला लागत नाही, पण ती स्वयंपाकघरात मीठ मागते तेव्हा समोरच्या घरातून मीठ येतं. अठरा वर्षं आम्ही तिला 'हळू बोल' म्हणत आलो. त्या हळू बोलण्याला आमच्या घराशिवाय कुठेच किंमत नाही हे आत्ता कळलं.

थॉर्नबरीच्या प्रशिक्षक हॅथॉर्नबाईंनी तिच्याकडे एखाद्या शर्यतीचं ध्वनिमुद्रण मागितलं होतं. सुकाणूवाल्या मुलींची परीक्षा म्हणे अशीच घेतात, आवाजावरून. टेक्लानं घाईघाईनं पाठवलं, आणि पाठवलं भलतंच. गेल्याच्या गेल्या नाताळात, चर्चला निघताना, माझी कामाची व्हॅन बर्फात रुतली होती. ढकलायला आठ जण जमले: मी, माझा मेहुणा डेझमंड, त्याची तीन मुलं, आणि समोरच्यांचे तीन पाहुणे, ज्यांची नावं आम्हाला अजून माहीत नाहीत. वाऱ्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेव्हा टेक्लानं शाळेच्या नावेत वापरायचा माइक डोक्याला बांधला, कर्णा व्हॅनच्या टपावर ठेवला आणि आम्हाला नंबर दिले. तो माइक सुरू केला की मुद्रणही आपोआप सुरू होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. "तिसरा नंबर, डेझमंडमामा, तू ढकलतोयस की टेकून उभा आहेस? श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा. बाबा, तुझं तोंड बंद, पाय चालू." त्यात तिनं डेझमंडच्या पोटाबद्दल एक वाक्य टाकलं आहे, ते मी तुला फोनवर सांगेन. दहाव्या हिसक्याला व्हॅन सुटली, आणि सुटली ती थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात. मुद्रण तिथे संपतं.

आपण काय पाठवलं हे कळल्यावर टेक्ला उशीत डोकं खुपसून रडली (तेही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं). तेवढ्यात हॅथॉर्नबाईंचाच फोन आला. म्हणाल्या, मी हे सगळ्या सहकाऱ्यांना ऐकवलं. शर्यतीत कुणीही ओरडतं, पण आठ बिनकामाच्या माणसांना एका तालात आणणारी मुलगी मी पहिल्यांदा ऐकली. तो तिसरा नंबर शेवटी फार सुधारला हो. डेझमंड तेव्हापासून स्वतःला खेळाडू म्हणवतो आणि जिना चढताना नाकानं श्वास घेतो.

मग बाई आमच्याकडे जेवायलाच आल्या. आणि ताई, आपल्या घरात पाहुणा आला की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तुझ्या भावजयीनं, नोरीननं, बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी-करंज्या केल्या होत्या, आणि मी वाढली फुशारकी. लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा मी, 'माझी कंपनी' म्हणालो. (कंपनी म्हणजे मी आणि व्हॅन.) तळ्याकाठी आमचं दुसरं घर आहे म्हणालो. नोरीन टेबलाखालून लाथा मारत होती, पण त्या लागत होत्या हॅथॉर्नबाईंना, आणि त्या बिचाऱ्या सभ्यपणे पाय आखडून घेत होत्या. मग त्यांनी कॉफी पिता पिता सांगितलं की थॉर्नबरीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, सगळी मदत ज्याची त्याची गरज पाहून मिळते, आणि ज्याला गरज आहे त्याला भरपूर मिळते. हे त्यांनी जेवणाआधी सांगितलं असतं तर मी फाटका शर्ट घालून बसलो असतो.

बरं, तिथेच जीभ चावून गप्प बसावं, तर नाही. एकदा बोललो ते फिरवायचं कसं, म्हणून विद्यापीठाच्या अर्जातही मी तीच कंपनी आणि तेच घर भरलं. डिसेंबरात प्रवेशाचं पत्र आलं, घरभर नाचलो. मागोमाग मदतीचं आलं: आपली सांपत्तिक स्थिती पाहता आपण जवळजवळ सगळा खर्च स्वतः उचलू शकाल, अभिनंदन. नोरीननं ते वाचलं, घडी केली आणि माझ्या ताटाखाली ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मी आणि टेक्ला बर्फातून गाडी हाकत थॉर्नबरीला गेलो. मदत कचेरीत ओकाफोर नावाच्या तरुण बाई होत्या, फार गोड. त्यांनी विचारलं, तळ्याकाठचं घर केवढं आहे? म्हटलं, एक खोली. उन्हाळ्यात भाड्यानं देता? म्हटलं, उन्हाळ्यात ते आमच्या गॅरेजमध्ये असतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, म्हणजे नेमकं कसं? मी छताकडे पाहू लागलो. तेव्हा टेक्ला म्हणाली, "बाबा, सांग ना त्यांना. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसायची लाकडी पेटी आहे ती. खाली भोक आहे." तिच्या मते ती कुजबुजली होती. बाहेर रांगेतले सगळे पालक हसले. ओकाफोरबाईंनी हसू दाबायला खिडकीकडे तोंड केलं, पण खांदे हलत होते. मग त्यांनी सगळं नव्यानं लिहून घेतलं, 'कुटुंबाला हा खर्च झेपणार नाही' असं छापलेल्या ओळीपुढे मी सही केली, आणि मदत मिळाली. इतकी, की आता आम्हाला जे भरायचंय ते व्हॅनच्या हप्त्याहून कमी आहे.

ती सही करताना हात जरा जड झाला, ताई. खोटं कशाला बोलू. बाहेर आल्यावर टेक्लानं माझं कोपर धरलं आणि गाडीपर्यंत सोडलं नाही. महामार्ग लागेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मी घाबरून दोनदा विचारलं, बाळ, बरं वाटत नाही का?

असो. जावयांना व नातवंडांना आशीर्वाद, गुडघ्याला नमस्कार.

तुझा,
लेनर्ड

ता. क. टेक्लाच्या शिक्षणासाठी तू जे पाठवणार होतीस ते कृपया पाठवू नकोस. बाहेरून पैसा आला की तेवढी मदत कापतात म्हणे. फारच हात शिवशिवले तर लोकरीचे मोजे पाठव.

ता. क. २. खरं लिहायचं ते राहिलं. ऑगस्टअखेर टेक्ला जाईल, तेव्हा तू इकडे राहायला ये. तुझ्यासाठीच म्हणतो. टॅम्पाचा उकाडा गुडघ्याला वाईट. टेक्लाची खोली रिकामीच असेल.

ता. क. ३. वन्सं, मी नोरीन. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही चोरटी ओळ. तुमच्या गुडघ्याचं निमित्त आहे. परवा टेक्ला मैत्रिणीकडे राहायला गेली, तर हे दोनदा तळघरात जाऊन आले, भट्टी बंद पडली का म्हणून. घर एवढं गप्प का, ते त्यांना कळेना. मलाही करमत नाही, पण मी तसं कबूल करणार नाही. तुम्ही याच. आणि आलात की मोठ्यानं बोलत जा.