पिवळं मलम आणि माझी नडगी

६ फेब्रुवारी १९९७
रायापूरजवळ ह्यांची स्कूटर घसरली. ह्यांना ओरखडाही नाही, माझी डावी नडगी सोलून निघाली. धारवाडला परतून मळमड्डीतल्या ट्रस्टच्या दवाखान्यात इराप्पा कंपाउंडरने जखम धुतली, पिवळं मलम लावून पट्टी बांधली. घरी आले तर जाऊबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या. म्हटलं, "हळद-शेण-राख लावू नका म्हणून वीस वर्षं स्टेजवरून घसा फोडते आहे. घरातच चालेल होय?"
"बरं बाई. हळदही पिवळी, तुझं मलमही पिवळं."

१० फेब्रु.
खाज. दुखणं कमी, खाज भयंकर. जखमेभोवती तळहाताएवढं लाल, वर बारीक फोड. आज इराप्पावर नीट लक्ष ठेवलं. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवतो. त्याच टेबलावर चहाचा पेला! चिमटा उकळला का विचारलं.
"सकाळीच उकळलो की, अक्कोरे." शाळेतली बाई म्हणून सगळे मला अक्कोरेच म्हणतात.
सकाळी. आता चार वाजलेत. मधे किती जणांच्या जखमा?

१३ फेब्रु.
फोड फुटून पाणी येतंय. महिला मंडळाची सभा होती, ट्रस्टचे सेक्रेटरी पाहुणे. माझा विषय वेगळा होता, पण उभी राहिले आणि... साडीचा काठ उचलून पायच दाखवला. "हा दवाखाना आहे की चहाची टपरी? गरिबाच्या कातडीला कुणी वाली आहे का?" इराप्पाचं नावही घेतलं. टाळ्या थांबेनात. सेक्रेटरी खाली मान घालून बसले होते.

१५ फेब्रु.
इराप्पाला घरी बसवलं. नोटीस नाही, चौकशी नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मीच मोर्चा काढला असता.
आता पट्टी घरीच करते. नवी सीलबंद ट्यूब, दिवसातून दोनदा, भरपूर.

१९ फेब्रु.
वाढलंय. गुडघ्याकडे सरकतंय. मलम बनावट असणार. ह्यांना हुबळीला पिटाळलं, दुसऱ्या दुकानातून ट्यूब आणवली, तारीख दोनदा वाचली. तरी तेच. धारवाडलाही बनावट, हुबळीलाही?
जाऊबाई म्हणतात, "सगळं जग तुझ्या एका पायामागे लागलंय होय गं?"
बेलूरच्या कारखान्यात बायकांच्या प्रथमोपचार पेटीत हेच मलम ठेवायला मी लावलं होतं. भांडून.

२१ फेब्रु.
पेन धरवत नाही. उजव्या हाताची तर्जनी. लाल, खाज, तेच फोड. मलम याच बोटाने लावते. बोटाला जखम नव्हती. इराप्पाचा चिमटा या बोटाला कधी लागला नाही.
पुढे लिहीत नाही.

२४ फेब्रु.
हुबळी. कातडीचे डॉक्टर. पायाआधी बोट बघितलं. म्हणाले, "मलम बंद. एखाद्याच्या कातडीला ते सोसत नाही. मलम वाईट नाही, कंपाउंडरही वाईट असेलच असं नाही."
कंपाउंडरचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. म्हणजे भाषण हुबळीपर्यंत पोचलंय. ट्रस्टशी यांचा काही संबंध? विचारून ठेवायला हवं.

४ मार्च
पाय शांत. नुसतं मलम थांबवून. योगायोग असू शकतो.
इराप्पा दारात आला. भांडायला आला असेल म्हणून मी शब्द जुळवून बसले, तर म्हणाला, "ह्यांग अदरी काल, अक्कोरे?" पाय कसा आहे म्हणे! आत ये म्हटलं, उंबऱ्याबाहेरच थांबला. "चहाचा पेला ठेवलो होतो, ते खरं. चिमटा उकळलेलाच होता. तुम्ही बोलला की लोक खरं मानतात. माझी पोरगी तुमच्याच वर्गात शिकली. तीपण विचारली, अप्पा, चिमटा उकळला होतास ना?"
तो गेल्यावर १३ तारखेचं पान उघडून पुन्हा वाचलं. 

१० मार्च
कातडीला नक्की काय सोसत नाही ते बघायला डॉक्टरांनी पाठीवर तपासणीच्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक चौकटीत वेगळं काहीतरी. कुठे काय ते विचारलं, सांगितलं नाही. "परवा काढू. तोवर पाठ भिजवू नका." हसत होते. का?

११ मार्च
एकच चौकट खाजते. डाव्या खांद्याखाली. बाकी सगळ्या गप्प. कदाचित चिकटपट्टीच असेल. जाऊबाईंना पाठ दाखवली.
"झाकलेलं मला कसं दिसणार? उद्या डॉक्टर सांगतील. का तुला आत्ताच कळलंय?"
संध्याकाळी सेक्रेटरींना फोन केला. येत्या रविवारच्या ट्रस्टच्या सभेत मला पाच मिनिटं हवीत.
"देऊ की अक्कोरे. पत्रिका छापायला चाललीय, विषय काय लिहू?"
म्हटलं, उद्या दुपारपर्यंत थांबा.