चाचाची जागा

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस, चाचाचा सलाम व आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं. आनंद झाला, पण डोकं भणभणलं. लग्नात माझ्या भावाच्या, म्हणजे तुझ्या अब्बांच्या जागी मी उभं राहून संमती द्यायची म्हणतेस. वडील नसले की हा मान चाचाचा, खरं आहे. पण या चाचानं केलं काय? भाऊ गेला, अम्मीनं ड्रायव्हरसाहेबांशी दुसरं लग्न केलं आणि मी बारा वर्षं रुसून बसलो. तुझं शिक्षण, दुखणीखुपणी, सगळं त्यांनी काढलं. आता त्यांनी मागे बसायचं आणि मी पुढे मिरवायचं? मी चौथी शिकलेला पुस्तकबांधणीवाला. मला उलगडा होईना. याच विचारात काल एका वकिलाच्या जाड ग्रंथाला पुठ्ठा उलटा चिकटवला. त्यानं माझा उद्धार केला. मी यावं की नको? आलो तर कोट घालू का?

माझ्या लायकीहून जास्त लोभ ठेवू नकोस.

तुझा घाबरट चाचा

११ फेब्रुवारी

ती. चाचांस, सलाम वि. वि.

अम्मी म्हणाली, ज्या अर्थी कोटाचं विचारतायत त्या अर्थी येणार. तुम्हाला बोलवायला ड्रायव्हरसाहेबांनीच सांगितलं. ते पुढे झाले तर तुम्ही या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, अशी त्यांना धास्ती. पण परवा ते आरशापुढे एकटेच उभे राहून, संमती असल्याचं हळूच म्हणून बघत होते. मी पाहिलं ते त्यांना ठाऊक नाही. आता मलाच कळेना. तुम्हीच काय ते सांगा.

रागवा, पण अंतर देऊ नका.

तुमची चिमणी

१७ फेब्रुवारी

चि. चिमणीस, आशीर्वाद वि. वि.

तीनदा पत्र लिहून फाडलं. मान माझा, तर तो कुणाला द्यायचा तेही मीच ठरवणार. ड्रायव्हरसाहेबांना सांग, चाचाचा हुकूम आहे, उभं तुम्हीच राहायचं. ऐकलं नाही तर मी भांडेन. ते मला जमतं. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोचतो.

पण मग मी बसायचं कुठे? पाहुण्यांत बसलो तर परका दिसेन. अम्मीशेजारी एक खुर्ची रिकामी ठेवता येईल का? बारा वर्षांपूर्वी मी तिला नाही नाही ते बोललो होतो. म्हणून आधी तिला विचार. ती नको म्हणाली, तरी मला खरं काय ते कळव.

उत्तराची वाट पाहणारा,

तुझा चाचा