दादाच्या घोयऱ्याचं दुखणं

१२ डिसेंबर १९९५, मंगळवार
शेठने, दादाच्या घोयऱ्याने, आज तिसऱ्या दिवशीही काही खाल्लं नाही. नाकतोडा समोर धरला. एक डोळा फिरवून पाहिलं, आणि मिटला. भरदिवसा डोळे मिटून बसणं त्याचं नव्हेच. रंगही उतरलाय, जळक्या काडीसारखा.
दादाच्या आधीच लक्षात आलं होतं. खाटेच्या दांडीवर डाव्या हाताने टकटक चालली होती. म्हटलं, "थंडी पडलीय म्हणून असेल. तू तरी कुठे नीट जेवतोस?"
"न्हाय," म्हणाला.
झटका आल्याला चार महिने झाले. उजवी बाजू गेली आणि एवढा एकच शब्द उरला. चहा हवा तरी न्हाय, नको तरी न्हाय. सुरावरून ओळखायचं. आजचा सूर काळजीचा.

१३ डिसें.
वर्ष झालं शेठ घरी येऊन. राहनाळला, आमच्या जुन्या गावी, गोदामासाठी बाभळी तोडत होते. दादा ड्युटी संपल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून आपली जुनी जागा बघायला गेला, आणि परत आला तो शर्टाच्या खिशाला हे सरड्याचं ध्यान चिकटवून. मी किंचाळले.
"अगं, घोयरा हाय. चावत न्हाय. बघ चालतो कसा, एक पाय उचलायचा, मग इचार करायचा. लूमच्या शेठवानी."
तेच नाव पडलं. दुधाच्या जाळीच्या कपाटात पेरूची फांदी लावली, दूध फडताळावर गेलं. मी महिनाभर कुरकुर केली.
तेव्हा दादा अशी लांब लांब वाक्यं बोलायचा. मी वह्या तपासत असायचे, अर्धं ऐकायचे.

१५ डिसें., शुक्रवार
शुक्रवारची सुटी, कापडाचे लूम बंद. गल्लीत आठवड्यातून एकदाच अशी शांतता. म्हणून आवाज ऐकू आला. आधी वाटलं कपाटात पाल आहे. कान लावला तर शेठच्या छातीतून. श्वास घेतला की बारीक टिक, टिक. तोंड उघडं, मान वर, नाकपुडीवर साबणासारखा एक बुडबुडा.
लहान मुलाची छाती भरते तसंच.
दादाला आवाज जायचा नाही. बत्तीस वर्षं लूमवर जॉबर, माग दुरुस्त करणारा; त्या खडखडाटात कान केव्हाच गेलेत. पण माझा चेहरा बघून समजला.

१६ डिसें.
जुलेखाभाभींना विचारलं. शेजारच्याच, घरात सहा पोरं वाढवलेली बाई. "अगो शकू, ओव्याची धुरी दे. आमच्या पोरांना मी तीच देयची." निखारे त्यांनीच दिले. कपाटाखाली ठेवले, वरून चादर टाकली. पाच मिनिटं.
दादा "न्हाय, न्हाय" करत होता. मला वाटलं, त्यालाही धूर लागतोय.

१७ डिसें., रविवार
पार काळा पडलाय. फांदी सुटली, कपाटाच्या तळाशी पोटावर पडून होता. उचलला तर बोटांना पकड नाही. दोन्ही नाकपुड्यांतून फेस.
माझ्या हाताने झालं हे. दादा ओरडत होता आणि मी चादर नीट करत होते.
दिवसभर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड.

१८ डिसें.
शाळेतून अर्ध्या रजेने निघाले. चपलांच्या खोक्यात टॉवेल, त्यात शेठ. गुरांच्या दवाखान्यात. पुढे चार म्हशी. एक भैया खोक्यात डोकावला. "मास्टरनीजी, गिरगिट को सुई लगवाएंगी?" सगळे हसले. मी मागे सरले नाही.
डॉक्टर तरुण. हसले नाहीत, चिडले. "धूर? ज्याला श्वास घेता येत नाही त्याला धूर दिलात?" मी मान खाली घातली. वर्गात पोरं घालतात तशी.
मग म्हणाले, "बाई, माझ्या पुस्तकात म्हैस आहे, घोडा आहे, कोंबडी आहे. हा नाही. कोंबडीच्या हिशेबाने औषध पातळ करून देऊन बघू. वाचेल असं सांगत नाही. आधी वजन आणा. दवाखान्याचा काटा याला ओळखायचाही नाही."

१९ डिसें.
वजन कुठे करणार? शेवटी सोनार.
त्याने हातच जोडले. "बाई, हे लक्ष्मीचं ताजवं." म्हटलं, तुमची सुनंदा माझ्याकडे चौथीला होती, आठवतं? पाढे कोणी पाठ करून घेतले? गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायला सांगितलं, मग बटरपेपर अंथरला. शेठने ताजव्याची साखळीच धरून ठेवली. तिघांनी मिळून एकेक बोट सोडवलं. पकड आली म्हणजे! मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं.
पंचेचाळीस ग्रॅम. "एवढ्यात एक चांगली पाटली होते," सोनार पुटपुटला. नंतर पेढीवर गोमूत्र शिंपडलं असेल. असू दे.
दुपारी पहिलं इंजेक्शन, डॉक्टरांनी दिलं. पुढच्या पायाच्या वर, इन्शुलिनच्या सुईने. एक दिवसाआड. पुढची मी द्यायची, शिकवून ठेवलं. ऊब हवी, पाणी थेंबाथेंबाने.

२१ डिसें.
दुसरं इंजेक्शन. दादाने डाव्या हाताने शेठला असा धरला, दोन बोटांत मान, तळव्यात पोट, की तो हललाच नाही. हा हात लूमचा तुटलेला धागा डोळे मिटून जोडायचा.
पहिली सुई टोचली तिथे काळा डाग पडलाय. डॉ. म्हणाले होते, पडेल, घाबरू नका.
कपाटावर साठ वॅटचा दिवा टांगला.

२४ डिसें., रविवार
अशोक आला. दादाचा मुलगा, पिंपरीला कंपनीत. वडलांचे पाय चेपत बसला. मुलगा गुणाचाच आहे. मग बाहेर ओट्यावर येऊन म्हणाला, "आत्या, आमच्याकडच्या हॉस्पिटलात व्यायामाचा वेगळा विभाग आहे. लोक चालायला लागलेत तिथे. इथे काय आहे? बाबा खाटेवर, तू शाळेत."
खरंच आहे.
"पण ते जनावर नको. बाळ रांगतंय आता. आणि बाबा दिवसभर त्याच्याकडेच बघत बसतात, बोलायचा प्रयत्नच करत नाहीत."
महिनाभराने गाडी घेऊन येतो म्हणाला. दादाला विचारलं नाही अजून. अशोकनेही नाही, मीही नाही.

२८ डिसें.
शाळेला नाताळची सुटी आहे. नाकतोडे संपले. शेठ खात नाही, पण डॉ. म्हणतात समोर जिवंत काही हलतं ठेवा. रिक्षाने राहनाळला गेले.
आमचा वाडा होता तिथे पत्र्याची शेड, आत कापडाचे तागे. भाताची खाचरं भरून टाकलीत. नाल्याकाठी मात्र गवत आहे अजून. सत्तेचाळीस वर्षांची मी, पदर खोचून नाकतोड्यांमागे. वॉचमन म्हणाला, "क्या खो गया, बाई?" म्हटलं, "टिड्डा." त्याने बिचाऱ्याने एक पकडून दिला.
नाल्याची वळणं तशीच आहेत. इथे दादा मला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचा, पावसात शाळेत जाताना. स्वतः चौथीनंतर सोडली. मला मात्र डी.एड.पर्यंत... त्याने मला आणलेलं पहिलं लुगडं, निळं, त्याच्याच लूमवरचं आहे म्हणाला होता. नेसून मी नोकरीच्या मुलाखतीला गेले.
करवंदीची जाळी शोधली. नाही सापडली. बरं झालं.

१ जानेवारी १९९६
काल सातवं इंजेक्शन झालं. आवाज तसाच. डोळे खोल गेलेत. डॉ. म्हणाले, "दोन सुया अजून देऊ. मग मलाही माहीत नाही."

३ जाने.
आज दादाला सांगितलं. चाळीस वर्षं पोटात होतं.
मी सात वर्षांची, तो चौदा. करवंदीच्या जाळीत त्याने एक घोयरा पाळला होता. फक्त मला दाखवला. गावात म्हणायचे, घोयरा अंगावर थुंकला तर कोड फुटतं. पोरं त्याला शोधत होती. मूठभर बोरांसाठी मी जागा सांगितली. त्यांनी दगडांनी ठेचला. दादाने टॉवेलात गुंडाळून आणला, बांधाला पुरला. घरोघर विचारत फिरला, "कुनी सांगितला? कुनी?" मीही त्याच्याबरोबर फिरले. त्याचा हात धरून.
त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगावं लागलं, त्याशिवाय त्याला ऐकू गेलं नसतं. पलीकडे भाभींनीही ऐकलं असेल. ऐकू दे.
त्याने कपाटाकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "न्हाय."
कसला न्हाय? माहीत नव्हतं? तू नव्हतीस? की माफ न्हाय? चार महिन्यांत पहिल्यांदा मला सूर ओळखता आला नाही. नंतर त्याने ड्रॉपरकडे बोट केलं. पाण्याची वेळ झाली होती.

५ जाने., शुक्रवार
क्रमाने लिहिते.
अकराच्या सुमारास लाईट गेली. मी वर्गात. दिवा बंद, आज हवाही बोचरी. साडेबाराला भाभी शाळेच्या दारात, धापा टाकत. "शकू, चल. भाऊ खाटेवर न्हाय."
दोघी पळतच आलो. दादा जमिनीवर, कपाटाला पाठ टेकून बसलेला. खाटेपासून कपाटापर्यंत सात-आठ पावलं. सतरंजी ओढल्याची खूण, कोपर सोललेलं. कपाटाची कडी उघडी, शेठ कपाटात नाही. मी ओरडले, "दादा, अरे..." त्याने हनुवटीने खाली दाखवलं. स्वेटरच्या आत, छातीवर. नुसती शेपटी बाहेर, वेटोळं करून.
चार महिन्यांत हा माणूस कुशीवर स्वतः वळला नव्हता.
भाभींनी कोपर धुतलं, हळद लावली. रडत होत्या आणि रागावत होत्या. "ह्या वयात ह्यो खेल!" दादा हसत होता. अर्ध्या तोंडाने.

९ जाने.
शेठने पेरूच्या पानावरचा थेंब जिभेने घेतला. मग दुसरा. सात थेंब.
सुया संपल्या. फेस नाही. टिक आहे, पण कान लावून शोधावी लागते.

१४ जाने., रविवार
काल अशोकचं पत्र आलं. दादा जमिनीवरून सरकला हे मी कळवलं होतं. ते वाचून तो नाचलाच असणार. "म्हणजे पाय जिवंत आहे, आत्या! आता उशीर नको. २८ला येतो."
मी आनंदाने कळवलं आणि स्वतःच...
कालच डॉ.ना विचारलं, शेठला पुण्याकडे नेला तर? "तिकडची थंडी? आत्ता कुठे सावरतोय. मी तरी नेणार नाही."

१७ जाने.
रोज शाळेतून आल्यावर दादाला धरून उभं करते. एका बाजूला मी, एका बाजूला भाभी. काल अडीच पावलं, आज चार. कपाटाच्या दिशेने चालतो, दाराच्या दिशेने नाही. अशोकला कसं सांगू, की इथेही व्यायामाचा विभाग आहे, साठ वॅटचा?
पण हे माझ्या स्वार्थाचं बोलणं. तिथे शिकलेली माणसं आहेत. मी धरते ते चुकीचंही असेल. एकदा ऐकलं नाही त्याचं, शेठचा जीव जाता जाता राहिला.

२१ जाने., रविवार
खाल्लं!
दादाच्या डाव्या बोटांत नाकतोडा. हात थरथरतोय, नाकतोडाही थरथरतोय. शेठने दोन्ही डोळे पुढे आणले, तोंड जरासं उघडलं, आणि वीतभर लांबून फट्. नाकतोडा गेला. दादाच्या बोटाला जीभ लागली असावी. तो ओरडला. शब्द नव्हता, पण न्हायही नव्हता.
पुन्हा सोनाराकडे जाणार होते, वजनाला. धीर झाला नाही.

२६ जाने.
झेंडावंदन करून लवकर घरी. दादाला सरळ विचारलं. अशोक नेणार म्हणतोय. तिथे पाय सुधारेल. शेठ इथे राहील, मी बघेन, धूर देणार नाही. तुझं काय म्हणणं?
त्याने डोळे मिटले. मग माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचा तशी. त्यातून काय घ्यायचं?

२८ जाने., रविवार
सकाळी कान लावला. टिक नाही. मग एकदा वाटली. की शेजारचा लूम होता?
दहाला अशोक आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. दादा आज स्वतः दारापर्यंत आला, मला धरून, नऊ पावलं. अशोक बघतच राहिला.
भाभींच्या अंगणात पेरूखाली खुर्ची टाकली. ऊन चांगलं आहे म्हणून शेठला झाडावर सोडला. रंग परतलाय, पानात गेला आणि दिसेना. अशोक आधी उभा होता, घड्याळ बघत. आता खुर्चीशेजारी उकिडवा बसलाय. "कुठे आहे बाबा? मला नाही दिसत." दादाने त्याचं मनगट धरलंय आणि त्याचंच बोट वर करून दाखवतोय. वरच्या फांदीकडे, मग जरा डावीकडे.
चहा करते म्हणून मी आत आलेय, खिडकीतून बघतेय. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. दोघांपैकी कोणी मागे वळलं नाही. चहा उकळतोय. दादाची बॅग खाटेवर उघडी आहे, आत दोन शर्ट ठेवलेत. तिसरा माझ्या मांडीवर, घडी घालायचा राहिलाय.