भावाच्या पगाराचे कलम

मी, लोवेल अर्विन रेगियर, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार फ्रीडेनाउ, राज्य कॅन्सस, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, शुद्धीवर राहून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकीलबाईंच्या मसुद्यात ‘शपथपूर्वक’ असा शब्द होता, तो मी खोडला आहे. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक शपथ घेत नाही. खरे ते खरे म्हणून सांगतो आणि तेवढ्यावर आमचे भागते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मरण दाराशी आले म्हणून लिहायला बसलो असे कुणी समजू नये. वसंतात माझ्या गळ्यात गाठ आली होती. तेव्हा लिहायला घेतले असते तर अक्षर लागले नसते. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी गाठ साधी आहे असे सांगितले. घरी येऊन मी कोंबड्यांना दाणे टाकले आणि बराच वेळ पायरीवर बसून देवाचे आभार मानले. माझी बायको मार्लिस बाहेर येऊन म्हणाली, “म्हणजे आता मागच्या दाराची बिजागरी तूच बसवणार.” इतके हलके मला पुष्कळ दिवसांत वाटले नव्हते. वाटण्या अशाच मनाने कराव्यात.

घर आणि जमीन यांची कलमे थोडक्यात उरकली आहेत. हे लिहिण्याचे खरे कारण पाचवे कलम आहे. माझा धाकटा भाऊ डेल्विन याच्या मनात एक प्रश्न चार वर्षे राहिला होता: मी त्याच्याविरुद्ध मत दिले ते हेव्यापोटी दिले का. त्याचे उत्तर माझ्या सहीनिशी कुठेतरी असायला हवे.

कलम १. माझा देह मंडळीच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी, साध्या लाकडी पेटीत ठेवावा. गाणी चारी आवाजांच्या मेळात म्हणावीत, वाद्य नको. नंतर लोकांना हॅम, चीज आणि गोळ्यावर गोळा ठेवून भाजलेले आमचे दोन मजली पाव द्यावेत, आणि पाव मार्लिसच्या बहिणीने केलेले नसावेत. दगडावर नाव आणि दोन तारखा पुरेत. मी तीन वेळा आमदार होतो हे कोरू नये. चौथ्या वेळी लोकांनी मला घरी पाठवले, ते मग कुठे कोरणार?

कलम २. राहते घर, त्याभोवतीची जमीन, गायी आणि बँकेतील निम्मी शिल्लक मार्लिसची. बिजागरी तोवर बसलेली असेल.

कलम ३. उरलेली शिल्लक माझी मुलगी जेने हिची. ती तालुक्याच्या शाळेत शिकवते. सोलोमन व्हॅली विद्यापीठात ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. तिच्या धावण्याचा खर्च कुठून निघत होता हे पाचव्या कलमात येईल, कारण ते माझ्या बाजूचे नाही म्हणून वगळणे बरोबर होणार नाही.

कलम ४. वेल्डिंग यंत्र, ऐरण आणि शेडमधली सगळी हत्यारे शेजारी व्हर्नन श्राग याला द्यावीत. त्याच्याकडे माझे नट आवळायचे दोन पाने आधीच आहेत, ते धरून. शेडच्या मागे फुटबॉलच्या गोलाचा एक पिवळा खांब उभा आहे, तोही त्यालाच. मी मत दिले त्या आठवड्यात कुणीतरी तो रात्रीतून माझ्या गव्हात आणून रोवला होता. व्हर्नन म्हणतो, तो मी नव्हे. पण खांबाचे वेल्डिंग मी ओळखतो, याच शेडमध्ये मीच त्याला शिकवले आहे. मार्लिस खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घालते, म्हणून ती असेपर्यंत खांब हलवू नये.

कलम ५. डेल्विन माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. फ्रीडेनाउच्या दोन खोल्यांच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो. मी शेतावर राहिलो, तो खेळत खेळत पुढे गेला आणि सोलोमन व्हॅली विद्यापीठाच्या फुटबॉल (आमचा अमेरिकी, चेंडू हातात घेऊन पळायचा) संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. विद्यापीठ सरकारी, त्यामुळे तो सरकारी नोकर. पगार मात्र राज्यपालाच्या तीसपट. आई हे कुणाला सांगताना आवाज खाली आणायची, जणू आजारपण सांगते आहे.

सरकारी महाविद्यालयांतल्या प्रशिक्षकांचा पगार राज्यपालाच्या पाचपटीहून जास्त नसावा असे विधेयक आमच्या समितीपुढे आले. मते समसमान पडणार हे आधीच दिसत होते आणि माझे मत राहिले होते. अध्यक्ष मला म्हणाले, भाऊ आहे, तू बाहेर जाऊन बस, कुणी नावे ठेवणार नाही. मी बाहेर बसलो असतो तर विधेयक तिथेच पडले असते. म्हणजे तेही मतच झाले असते, फक्त तोंड लपवून दिलेले.

आमच्या मंडळीत लहानपणापासून शिकवतात की भावाविरुद्ध काही मनात असेल तर ते चारचौघांत जाण्याआधी त्याला एकट्याला गाठून सांगावे. तसे सांगायला मी गेलो. हंगामात डेल्विन नक्की सापडण्याचे ठिकाण एकच, मैदान, आणि दिवस शनिवार. मी सामन्याच्या आधी तासभर त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि माझे मत सांगितले. संघ तो सामना नदीपलीकडच्या शेजारी राज्याच्या संघाकडून हरला. हे व्हायचे ते झालेच, पण मी तिथे गेल्याचे बाहेर फुटले आणि अर्ध्या राज्याने हार माझ्या नावावर लावली. सांगायला जाणे आजही मला बरोबर वाटते. दिवस गुरुवार निवडायला हवा होता.

मी विधेयकाच्या बाजूने मत दिले. समितीत विधेयक मंजूर झाले आणि पुढे भर सभागृहात पडले. पगार कधी बांधला गेला नाही. वर्तमानपत्रांनी लिहिले की गहू पिकवणाऱ्या भावाला लक्षाधीश भाऊ बघवला नाही. डेल्विनचा फोन यायचा थांबला. आई गेली तेव्हा पेटीची एक बाजू त्याने धरली आणि एक मी, आणि आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्याच्या बाजूचे म्हणणे मी इथे लिहितो, कारण तो ते माझ्याहून चांगले मांडतो. पैसा कराचा नव्हता. तिकिटे, टीव्ही आणि देणगीदार यांच्याकडून येत होता, आणि त्यातूनच बाकीचे सगळे खेळ चालत होते. जेने ज्या बुटांवर धावली ते फुटबॉलच्या तिकिटांचे होते. एका राज्याने पगार बांधला तर माणूस पलीकडच्या राज्यात जाणार. व्हर्ननने तर मला धान्याच्या कोठारावर सगळ्यांसमोर विचारले होते, आज भावाचा पगार बांधतोस, उद्या माझ्या गव्हाचा भाव बांधशील का? मी म्हणालो, गहू माझ्या जोखमीवर पिकतो. तो म्हणाला, “मग पीकविम्याचे पैसे वॉशिंग्टनहून कशाला घेतोस, लोवेल?” ते पैसे मी आजही घेतो.

माझे म्हणणे एवढेच. विद्यापीठाचे नाव राज्याचे, जमीन राज्याची, मुले राज्यातल्या लोकांची. त्या नावावर जमा झालेला पैसा कुठे थांबावा हे राज्याने सांगू नये, तर कुणी सांगावे? विद्यापीठाचे कुलपती माझ्या भावाला भेटायला वेळ मागत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले. तो कार्यालयात झोपायचा, जेवताना दुसऱ्या कुणाचा सामना बघायचा, आणि त्याला ‘आता पुरे’ म्हणू शकेल असा माणूस त्या इमारतीत उरला नव्हता. इतका पैसा दिला की देणाऱ्याचीच हिंमत जाते. मला त्याच्या पैशाचा हेवा वाटला नाही. मला त्याची काळजी वाटत होती, आणि ती काळजी मी कायद्याच्या भाषेत मांडली, कारण आमदाराच्या हातात तेवढेच असते. कदाचित कायद्याने हे होत नसेल. तरी मत मी आजही तेच देईन.

पुढे संघ सलग दोन हंगाम हरला आणि विद्यापीठाने डेल्विनला काढले. करार असा की करार संपेपर्यंत त्याला घरी बसवून पगार द्यायचा. दुसरीकडे काम करून काही कमावले तर तेवढे त्यातून कापायचे.

या जूनमध्ये, माझी गाठ तपासायला गेलेली असताना, गहू कापणीला आला. एका सकाळी डेल्विनची गाडी अंगणात लागली. उतरून त्याने एवढेच विचारले, “ट्रकची किल्ली कुठे असते आता?”

सगळी कापणी ट्रक त्याने चालवला. मजुरी दिली असती तर ती कापली गेली असती, म्हणून मार्लिसने ती चीज भरून उकडलेल्या करंज्यांनी, म्हणजे आमच्या वेरेनिकेंनी, चुकती केली. व्हर्नन येऊन बघून गेला आणि म्हणाला, “राज्यातला सगळ्यात महाग ड्रायव्हर आणि लोवेलकडे फुकट.” डेल्विन खो खो हसला. ते हसणे मी चार वर्षांनी ऐकत होतो.

एका दुपारी हार्वेस्टरचा पट्टा तुटला. नवा आणायला मी त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसलो. जाता जाता ट्रकमधला गहूही उतरवायचा होता आणि कोठारापाशी मोठी रांग होती. तो समोर बघत म्हणाला, “त्या शनिवारी तू टोपी हातात धरून दारात उभा राहिलास ना, मला वाटलं आई गेली.”

मी मांडीवरचा तुटलेला पट्टा खाली ठेवला.

“मग तू म्हणालास, पगाराबद्दल आहे. इतकं बरं वाटलं मला, की हसूच आलं. आणि तू आपला बोलतच राहिलास.”

मी सामन्याबद्दल विचारले.

“तीनदा हातातला चेंडू पाडला आमच्या पोरांनी. तू होतास का मैदानात?” मग तो म्हणाला, “राग त्याचा नव्हता. तुला हेवा वाटला असं सगळे म्हणत होते, आणि तू एकदाही नाही म्हणाला नाहीस.”

मी म्हणालो, त्या लोकांना सांगून काय उपयोग होता.

“त्यांना नाही रे. मला.”

म्हणून हे कलम लिहिले आहे.

कलम ६. वडिलांचे उत्तरेकडचे ऐंशी एकर मी डेल्विनच्या नावे लिहिले होते. काल त्याला पाचवे कलम वाचायला दिले, तेव्हा पुढचे हेही त्याने वाचले. वकीलबाईंनी त्याला सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्यावर तो मला म्हणाला, “मग मला खोड. जमीन जेनेला दे. मला खाली सही करायची आहे.”

मी म्हणालो, ऐंशी एकर आहेत, नीट विचार कर.

“मला घरी बसून पैसे मिळतात, लोवेल. जमीन घेऊन काय करू? पण तू शुद्धीवर आहेस हे लिहून द्यायला मिळणार असेल, तर ते मी सोडणार नाही. शहाणा आहेस असं मात्र लिहून देणार नाही.”

तेव्हा ते ऐंशी एकर जेनेचे. दर जूनमध्ये, त्याला वाटेल तोपर्यंत, ट्रक चालवण्याचा पहिला हक्क डेल्विनचा राहील. यात त्याचा लाभ होतो का असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, राबणे कायद्यात लाभ धरत नाहीत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मार्लिसने करावी. कुणाचे माझ्याविरुद्ध काही राहिले असेल तर त्याने मी जिवंत असताना घरी येऊन सांगावे. कोणताही वार चालेल.

हे सर्व मी वाचून पाहिले, खरे म्हणून सांगितले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: फ्रीडेनाउ, कॅन्सस
दिनांक: १९ जुलै २०२४

(सही) लोवेल अर्विन रेगियर

साक्षीदार पहिली: रूथ नाख्टिगाल, मंडळीची सेविका, फ्रीडेनाउ. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता.

साक्षीदार दुसरा: डेल्विन अर्विन रेगियर, भाऊ. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता. कलम पाच पूर्ण वाचले. सरकारने माझ्या पगारात पडायला नको होते, हे माझे म्हणणे कायम आहे. हेवा नव्हता, हे मी खरे म्हणून सांगतो.