आईच्या नावाची नळी

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

तू खुशाल असशील अशी आशा. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

महिनाअखेरीस मी दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होतेय. सध्या फ्रीझर रिकामा करणं चाललंय. तळाशी आपल्या तिघींच्या नळ्या सापडल्या. आठवतं? निरोगी हिरड्यांचे नमुने कमी पडले की आम्ही घरच्यांनाच खुर्चीत बसवायचो. दात आणि हिरडीच्या फटीत मी कागदाची पट्टी सरकवली, तेव्हा आई म्हणाली होती, "मेले, आईच्या तोंडात बोटं घालतेस? चावेन हं!" तू हसून लोळली होतीस.

टाकण्याआधी उगाच तपासल्या. हिरडी सुजली की आपल्याच पेशी एक एन्झाइम सोडतात. दात धरून ठेवणारे धागे ते विरघळवतं. बाहेरचं कुणी नसतं गं, आपलंच आपल्याला खातं. जिलेटिनच्या पातळ थरात प्रत्येकीचा नमुना आपापल्या रांगेत सोडायचा, दुसऱ्या दिवशी थराला निळा रंग द्यायचा. एन्झाइमने जिथे खाल्लं, तिथे रंग धरत नाही.

आईच्या रांगेत पांढरी रेघ उमटली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, चिमणे, आणि काल तिच्या तोंडातलं ते अजून खात होतं. मी थर उजेडात धरून उभी राहिले. खोलीत कुणीतरी चघळतंय असं वाटून दोनदा मागे पाहिलं.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, चूक आधी लिही, सबब नंतर. मला अजून जमत नाही.

ही रेघ मी तेव्हाही पाहिली होती. घरची माणसं निरोगीच असणार, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं धरून तो निकाल वगळला. वर्षभरात आईचे दात हलायला लागले, खाणं सुटलं, तुझ्या घरी ती वाळत गेली. तू वाटी घेऊन तिच्यामागे फिरायचीस. आणि मी चारचौघांत तुला म्हणाले, "आईला उपाशी मारलंस."

तुझ्या रांगेतही रेघ आहे. आईच्याच जागी, तेवढीच रुंद. तेव्हा ती मला दिसली नाही, की मी पाहिली नाही, देव जाणे.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण याच आठवड्यात हिरड्या दाखवून ये. ब्रशला रक्त लागतं का? आईच्या लागायचं. ती नळाखाली धुऊन टाकायची, आणि मी बघत असायचे.

माझी रांग सबंध निळी आहे.

तुझी, सगळे दात शाबूत असलेली,
ताई